देवापुढे खरं बोलणारं घर



उपासना संपून मंडळी बाहेर पडते, दाराशी चपला शोधण्याची गडबड चाललेली असते, तेवढ्यात कुणीतरी आई मला बाजूला घेते. आमच्या नगरच्या मंडळीत शब्बाथ शाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे, म्हणून हे सगळं माझ्यापर्यंत येतं. "बाई, हा आता यायलाच नको म्हणतो." "दृढीकरण झालं आणि तिने बायबल जे कपाटात ठेवलं ते ठेवलंच." "कॉलेजात गेल्यापासून म्हणतो, मला यातलं काही पटत नाही. तुम्ही जरा समजवा त्याला." हे सांगताना त्या माउलीचा आवाज खाली आलेला असतो. बाप बहुधा थोडा लांब, गाडीची किल्ली हातात घेऊन उभा असतो, पण त्याचे कान इकडेच असतात.

मुलाशी मी बोलेनच. आज मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे. मुलांच्या विश्वासाची काळजी घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी उलट एकच विचारते, आणि तिथे बहुतेक जण गप्प होतात. तुमचा स्वतःचा विश्वास काय आहे? पाळकसाहेब प्रवचनात सांगतात तो राहू द्या, मंडळीबरोबर उभं राहून आपण जो विश्वासांगीकार म्हणतो तोही क्षणभर बाजूला ठेवा. पोर तापाने फणफणलंय, पगार रखडलाय, सख्ख्या भावाने जमिनीसाठी कोर्टात खेचलंय, अशा रात्री तुमच्यापाशी जे काही असतं, ते काय असतं?

माझं मी सांगते. येशू ख्रिस्ताच्या रूपाने देव माझ्याजवळ आला आहे आणि तो माझी साथ सोडत नाही. मी बोलते ते तो ऐकतो. आणि दर वेळी तो माझ्या मनासारखं करत नाही. एवढाच माझा विश्वास आहे. ही तीन वाक्यं माझी मला म्हणता यायला माझं निम्मं आयुष्य गेलं. यातली पहिली दोन आपण मुलांना अगदी पाळण्यापासून सांगतो. तिसरं सांगत नाही, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

वर्गात एक मुलगा होता, पाचवीतला. त्याचे आजोबा दवाखान्यात होते. घरात रोज प्रार्थना चालायच्या, नातेवाईक यायचे, आणि त्यांतल्याच कुणीतरी प्रेमाने त्याला सांगितलं होतं, की लहान लेकरांची प्रार्थना देव सगळ्यांत आधी ऐकतो, तू विश्वासाने माग, आजोबा घरी येतील. पोरगा रोज रात्री पलंगाशी गुडघे टेकून मागत राहिला. आजोबा गेले. पुढे बऱ्याच दिवसांनी, बाकीची मुलं चित्रं चिकटवत होती तेव्हा तो माझ्या खुर्चीला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, एका रात्री मला मध्येच झोप लागली होती. आमेन म्हणायचं राहिलं होतं. त्यामुळे झालं का?"

एवढंसं पोर. आजोबांच्या मरणाचा भार त्या एका राहून गेलेल्या शब्दावर घालून तो इतके दिवस एकटा वावरत होता. घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्याला तसं सांगणारी माणसं वाईट नव्हती. आपण सगळेच थोड्याफार फरकाने असंच बोलतो. परीक्षा आहे, प्रार्थना कर, मार्क पडतील. नोकरी लागली की साक्ष देतो, देवाने दिली. जिची नोकरी गेली ती बाई त्याच बाकावर बसून ते ऐकत असते, पण तिला साक्षीला कुणी उभं करत नाही. मुलं हे सगळं टिपतात. मग त्यांच्या डोक्यात देव म्हणजे उधारीची वही ठेवणारा वाणी होऊन बसतो: एवढी प्रार्थना जमा, एवढी कृपा नावे. हिशेब जुळेनासा झाला की मूल एक तर स्वतःला दोषी धरतं, नाही तर वाण्यालाच खोटा ठरवतं. कॉलेजात जाऊन "पटत नाही" म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण या दुसऱ्या वाटेने गेलेले असतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. असल्या वाण्यावर माझाही विश्वास नाही.

त्या मुलाला घेऊन मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला. बेथानीची मार्था आणि मरिया, दोघींचा भाऊ लाजर आजारी पडला. त्यांनी येशूला निरोप धाडला. येशू लगेच निघाला नाही, आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणींनी त्याला एकसारख्याच शब्दांत सुनावलं, की तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. एकीने वाटेत गाठून सुनावलं, दुसरीने पायांशी पडून. मरियेचं रडणं पाहून येशू स्वतः रडला. मुलाने मला विचारलं, "येशूला त्यांचा राग नाही आला?" नाही आला. तू आजोबांसाठी मागितलंस, तुला आजोबा मिळाले नाहीत, आता देवाला जे बोलावंसं वाटतं ते बोल, तो ऐकेल, असं मी त्याला म्हणाले. लाजर पुढे उठला, हे त्या मुलाला ठाऊकच होतं. त्याचे आजोबा उठले नव्हते. म्हणून मी अध्याय तिथेच थांबवला आणि येशूच्या रडण्यापाशी आम्ही दोघं बराच वेळ बसलो. मग संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईशी बोलले.

नव्या करारात माझ्या सर्वांत जवळचा माणूस कोण, असं विचाराल तर मी पेत्राचं किंवा पौलाचं नाव घेणार नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे. त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येतात. झटका आला की पोरगं जमिनीवर आपटतं, तोंडाला फेस येतो, कधी विस्तवात पडतं, कधी पाण्यात. तो मुलाला शिष्यांकडे घेऊन आला. शिष्यांच्याने काही झालं नाही. भोवती शास्त्री आणि शिष्य यांची वादावादी जुंपली, माणसं जमली, आणि त्या सगळ्या गलक्यात आजारी मूल तसंच राहिलं. धर्माच्या नावाने मोठी माणसं भांडत असताना पोराकडे पाहायला कुणाला वेळ नाही, हे चित्र आपल्या कमिटीच्या बैठकांतून आपण पाहिलेलं आहे. येशू डोंगरावरून उतरून येतो तेव्हा हा बाप त्याला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. त्यातल्या त्या "असेल तर"वर येशू बोट ठेवतो. तेव्हा तो माणूस ओरडून जे बोलतो त्याचा अर्थ इतकाच, की माझा विश्वास आहे, आणि नाहीही. जो नाही त्याचं तूच काहीतरी कर.

येशूने त्याला परत पाठवलं नाही. आधी विश्वास पूर्ण कर, मग मुलाला घेऊन ये, असं सांगितलं नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या बापाचं मूल त्याने हाताला धरून उभं केलं. आईबाप म्हणून तुमच्यामाझ्यापाशी याहून वेगळं काय असतं? मुलांपुढे मात्र आपण पूर्ण विश्वासाचा चेहरा घेऊन वावरतो. त्यांना वाटतं आईला कधी शंका येत नाही, पप्पांना कधी भीती वाटत नाही. मग स्वतःच्या मनात पहिली शंका उठली की मूल समजतं, आपण आता या घरातले राहिलो नाही. त्या नाव नसलेल्या बापासारखी प्रार्थना तुमच्या मुलाने तुमच्या तोंडून एकदा तरी ऐकायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

माझ्या घरी ती वेळ यजमानांच्या आजारपणात आली. पोटाचा आजार होता, हातात फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मुलगी तेव्हा नववीत. एका रात्री ते झोपल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच प्रार्थना करत होते, मोठ्याने. देवा, मला तुझा राग आला आहे, असं म्हणाले. तुला हे थांबवता येत असून तू थांबवत नाहीस, तर निदान इथून हलू नकोस. मागे वळले तर दारात मुलगी. ती म्हणाली, "आई, देवाशी असं बोललेलं चालतं?" मी म्हणाले, "चालतं. बायबलात माणसं असंच बोलली आहेत." मग आम्ही दोघी स्तोत्रसंहिता घेऊन बसलो. तेरावं स्तोत्र काढलं, बाविसावं काढलं. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, एकही दिलाशाचं वाक्य शेवटी येत नाही, आणि तरीही आपल्या पूर्वजांनी ते पवित्र शास्त्रात ठेवलं. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात येशूच्या ओठांवर वधस्तंभावर होती. देवाने मला का सोडलं, असं विचारणारा माणूस श्रद्धाहीन असेल, तर मग त्या दुपारी गुलगुथ्यावर कोण टांगलेलं होतं?

यजमान गेले. त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडायचं, पान समोर असायचं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. शेजारी महिला मंडळातल्या बायका गात असायच्या, मी नुसती बसायची. त्या काळात मला मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे जण कळले. कफर्णहूमला एका घरात येशू शिकवत होता, दाराशी माणसांची दाटी. तेव्हा हे चौघे आपल्या पक्षाघाती मित्राला बाजेसकट छपरावर घेऊन गेले, छप्पर उसकलं आणि त्याला खाली सोडलं. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. त्या बाजेवर पडलेल्या माणसाचा विश्वास किती होता, याची तिथे चौकशी झालेली नाही. त्या महिन्यांत मी बाजेवर होते. माझ्या वतीने विश्वास ठेवण्याचं काम दुसऱ्या बायका करत होत्या, डबे आणत होत्या, मुलीला शिकवणीहून घरी पोहोचवत होत्या. म्हणून विश्वास ही माझी अगदी खासगी गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मला ते अपुरं वाटतं. मला धरून ठेवणाऱ्या विश्वासातला पुष्कळसा माझा नव्हताच.

तुम्ही म्हणाल, मुलांपुढे शंका बोलून दाखवली तर ती आणखी बिथरतील. तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजातल्या मिस बील यांच्याशी त्यांची जी पत्रापत्री झाली, ती पुस्तकरूपाने छापलेली आहे. ख्रिस्ताचं देवपण, त्रैक्य, चर्चचा अधिकार, एकेका गोष्टीवर रमाबाई वाद घालतात. मनोरमेला धर्मशिक्षण कसं द्यायचं यावरूनही त्या आपलं आईपण दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. सिस्टरना त्यात गर्व दिसला. मला त्यात एक बाई दिसते, जिने दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, व्रतं आणि पारायणं करूनही कुणी वाचलं नाही हे डोळ्यांनी पाहिलं, आणि म्हणून आता कुणाच्या सांगण्यावरून काहीही मानायला जी तयार नाही. पुढे मायदेशी परतल्यावर, बाप्तिस्म्यानंतर सातआठ वर्षांनी, त्यांना ख्रिस्त स्वतःचा म्हणून भेटला. तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच लिहून ठेवलं. सातआठ वर्षं! आपण दृढीकरणाच्या वर्गात मुलांना किती आठवडे देतो?

आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं काम तिच्या खांद्यांवर जायचं होतं. रमाबाई तेव्हा केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या कामात होत्या. लेक गेल्यावरही त्या ते काम करतच राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मनोरमेसाठी त्यांनी मागितलं नसेल का? केडगावच्या त्या प्रार्थनेच्या घरात किती गुडघे टेकले असतील! त्यांना मिळालं नाही. त्यांनी हिशेब मांडला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर आपल्या घरचीच. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पतिपत्नी काही वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही सोवळंओवळं घेऊनच आल्या, आणि टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. जातीची एकेक गाठ त्यांच्या मनात हळूहळू सुटत गेली आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं इतक्या मोकळेपणाने आलं आहे की चौदापंधरा वर्षांच्या मुलामुलींना ते वाचून दाखवावं. टिळकांसारखा कवी, पण त्यालाही आपला विश्वास बायकोच्या अंगावर शालीसारखा टाकता आला नाही. त्याने वाट पाहिली. पंधरा वर्षांच्या मुलाची वाट पाहायला आपण का तयार नसतो?

आता आमच्या घराबद्दल. आम्ही टिळकांसारखे ब्राह्मण घरातून आलेलो नाही. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे आमचं घर महारवाड्यातलं. माझी पणजी नेवाशाकडच्या एका खेड्यातली. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती; कुणी वरून पाणी ओतलं तर मिळायचं. बायबलबाई वस्तीवर यायच्या, कंदिलाच्या उजेडात बायकांना अक्षरं शिकवायच्या. पणजी वाचायला शिकली ती मार्काच्या शुभवर्तमानावरून. बाजेवरचा तो माणूस, झटक्यांच्या मुलाचा तो बाप, ही माणसं आमच्या घरात तिच्या बोटाखालून आली. तिच्यासाठी विश्वासाचा अर्थ सोपा होता: देवाने तिला पाहिलं, नावाने हाक मारली, आणि एका सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसवलं. त्या सतरंजीवरही पुढे जातपात हळूच येऊन बसली, हे मी लपवणार नाही. लग्नं जुळवताना आपल्या मंडळ्यांत अजून कुजबुज चालते. पण पणजीला जे मिळालं ते खोटं नव्हतं. "तांदळासाठी बाटलेले" असं शाळेत कुणी तुमच्या मुलाला म्हणालं, तर त्याने गप्प बसू नये म्हणून तरी त्याला घरची पणजी ठाऊक हवी. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठी ओव्यांत छापलं गेलं, आपल्या नगरात १८४२ साली 'ज्ञानोदय' निघालं, बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, हेही ठाऊक हवं. "तुम्ही घरी इंग्लिश बोलता का?" असं विचारणाऱ्या वर्गमित्राला उत्तर देताना पोराची मान ताठ राहते.

याच्याच जोडीला एक नाजूक गोष्ट आहे, जी आपण चर्चच्या आवारात मोठ्याने बोलत नाही. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म असतो आणि रविवारी दुसरा. कुणी का केलं, कोणत्या गरिबीत केलं, याचा न्याय मी करणार नाही. पण मुलाला ते एक दिवस फॉर्म भरताना कळतं, आणि आपण "गप्प बस, कुणाला सांगू नकोस" एवढंच म्हणतो. त्या वेळी मुलाच्या मनात विश्वास ही लपवायची वस्तू होते. त्याला बसवून सगळं सांगा. कायदा काय आहे, अन्याय कुठे आहे, आजोबांनी काय ठरवलं आणि का. पुढे काय करायचं ते तो मोठा झाल्यावर ठरवेल. मुलांना अवघड सत्य झेपतं. कुजबुज झेपत नाही.

आरोग्यदानाच्या सभांबद्दल मी थोडक्यात आणि स्पष्ट बोलते. देव बरं करतो, असा माझा विश्वास आहे. पण "औषध बंद करा, विश्वास कमी पडतोय" असं सांगणाऱ्या कुणाच्याही मांडवात तुमच्या मधुमेही आईला किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेल्या लेकराला नेऊ नका. आपल्या जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं १९७० साली तिथे येऊन बसलं, ते ख्रिस्तावरच्या विश्वासापोटीच. त्यांनी खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या बायका गावाला शिकवू लागल्या, आणि मरणारी बाळं जगू लागली. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलांना सहलीला नेताना कधीतरी जामखेडला न्या. तिथल्या एखाद्या वयस्क कार्यकर्तीशेजारी त्यांना अर्धा तास बसू द्या. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही, हे मग त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

नरकाची भीती घालून मुलांना बाकावर बसवू नका. भीतीने आलेलं मूल भीती संपली की जातं, आणि हॉस्टेलवर गेल्यावर ती पहिल्या आठवड्यातच संपते.

मग द्यायचं काय? पौल तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना त्याची आजी लोइस आणि आई युनीके यांची नावं घेतो. तीमथ्याचा बाप ग्रीक होता. म्हणजे घरात सगळेच एका वाटेचे होते असंही नाही. त्या दोघी त्याला काय काय शिकवत होत्या, याची यादी पौल देत नाही. त्यांच्या ठायी निष्कपट विश्वास होता, एवढंच तो सांगतो. निष्कपट. मुलांना वास येतो हो कपटाचा. अर्पणाच्या थाळीत पाचशेची नोट टाकणारे पप्पा घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे दोन खाडे कापतात, हे त्यांना दिसतं. क्षमेवरचं प्रवचन ऐकून आलेली आई काकूचा फोन कट करते, तेही दिसतं. आणि त्याच आईने महिनाभराने काकूला स्वतःहून फोन लावला, आवाज कापत होता तरी लावला, तर तेही मूल दुसऱ्या खोलीतून ऐकत असतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारते, देव आहे असं तुम्हांला कधी वाटलं. उत्तरांत क्वचितच एखादी सभा येते. "मम्मी पप्पांना सॉरी म्हणाली तेव्हा," असं एका मुलीने सांगितलं होतं.

आणि जो यायलाच नको म्हणतो, त्याचं काय? लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशू बारा वर्षांचा आहे. वल्हांडणाच्या सणाहून परत जाताना तो आईबापांना न सांगता यरुशलेमेत मागे राहिला. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला, गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. त्याची आई मरियेने तुमच्याआमच्यासारखंच विचारलं, असं का केलंस बाळा, आम्ही किती कष्टी होऊन तुला शोधलं. त्याने दिलेलं उत्तर तिला आणि योसेफाला समजलं नाही, असं लूक सरळ लिहितो. समजलं नाही तरी तिने ते मनात ठेवलं, आणि तिघं नासरेथला घरी गेली. देवाच्या पुत्राच्या आईलासुद्धा पोराचं उत्तर कळत नव्हतं, तर मला माझ्या मुलीचं सगळं कळेल, ही अपेक्षा मी केव्हाच सोडली. ती आता पुण्याला असते. दर रविवारी उपासनेला जाते का, ते मी विचारत नाही. फोनवर ती मला तिच्या शंका सांगते, मी तिला माझ्या सांगते. फोन ठेवण्याआधी मी विचारते, प्रार्थना करू का. कधी हो म्हणते, कधी "आज नको आई" म्हणते. नको म्हणाली तर मी फोन ठेवल्यावर करते.

पंधराव्या वर्षी मुलाला ओढून बाकावर बसवण्यापेक्षा त्याला एखादं खरं काम द्या. मंडळीत एकटी राहणारी म्हातारी असते, तिचा गॅस सिलिंडर बदलायचा असतो, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. त्याला बरोबर घेऊन जा. तिथे प्रवचन देऊ नका. तो प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर येत असेल तर द्या, येत नसेल तर "मलाही कळत नाही, आपण दोघं मिळून पाहू," असं म्हणा आणि खरंच पाहा. वसईकडच्या घरांत संध्याकाळी रोजरी होते, आपल्याकडे रात्री वचन वाचतात. जी रीत तुमची असेल ती चालू ठेवा, पण तिच्यात दिवसाची खरी गोष्ट येऊ द्या. आज मला साहेबांचा राग आला, आज हप्त्याची चिंता वाटते, आजीची फार आठवण येते, असं नाव घेऊन बोला. मुलांनाही बोलू द्या, आणि बोलायचं नसेल तर नुसतं बसू द्या.

पाळकसाहेबांशी बोलून आम्ही एक ठरवलं आहे. पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी मोठ्या मुलांच्या वर्गात आईवडिलांनीही बसायचं. खुर्च्या कमी आहेत, सतरंजीवर बसावं लागेल. येताना तुमच्या मुलाने विचारलेला आणि तुम्हांला उत्तर न आलेला एक प्रश्न कागदावर लिहून आणा, नाव घालायची गरज नाही. तो पाचवीतला मुलगा आता अकरावीत आहे. चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम त्याने मागून घेतलं आहे.